साथीच्या काळात मैदानावर परत कसं यायचं? पालक आणि खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

मी दादर-परळच्या पट्ट्यात संध्याकाळी मुलांना खेळ शिकवतो. २०२० ते २०२२ या काळात फोनवर, मैदानाच्या कुंपणापलीकडून आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न मला विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. दर पावसाळ्यात ताप-खोकला वाढला की यातले निम्मे प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी डॉक्टर नाही. मुलाला दमा असेल, हृदयाचा काही त्रास असेल, तर हे वाचून निर्णय घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

सर, थेट सांगा. कुठला खेळ सगळ्यात आधी सुरू करायचा?

जो एकट्याने आणि उघड्यावर खेळता येतो तो. चालणं, धावणं, सायकल. त्यानंतर टेनिसची सिंगल्स, गोल्फ, उघड्या रेंजवरची नेमबाजी, तिरंदाजी, मल्लखांब.

करोनात महाराष्ट्र सरकारने साधारण हाच क्रम ठेवला होता. ३ जून २०२० पासून चालणं, धावणं, सायकलिंग. ५ ऑगस्टपासून संघाशिवायचे मैदानी खेळ, त्यात गोल्फ, टेनिस, उघड्यावरचं बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि आपला मल्लखांब नाव घेऊन दिले होते. जिमची दारं दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडली. बंदिस्त हॉलमधलं बॅडमिंटन, टेबल टेनिस, स्क्वॉश ५ नोव्हेंबरपासून. त्या वेळी आम्ही सगळेच वैतागलो होतो, पण आज मागे वळून बघितलं तर क्रम बरोबर होता.

म्हणजे खेळाचं नाव बघून धोका ठरवायचा?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. नाव एकच असलं तरी जागा बदलली की धोका बदलतो. शिवाजी पार्कातलं बॅडमिंटन आणि सोसायटीच्या तळघरातल्या हॉलमधलं बॅडमिंटन हे, साथीपुरते, दोन वेगळे खेळ समजा. बघायचं ते इतकंच: हवा खेळती आहे का, समोरच्याचं तोंड किती जवळ आहे, दम किती लागतो आणि हे सगळं किती वेळ चालतं.

दम किती लागतो याला लोक फार कमी महत्त्व देतात. जर्मनीत संशोधकांनी माणसं सायकलवर बसवून त्यांच्या श्वासातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण मोजले. स्वस्थ बसलेल्या माणसाचे मिनिटाला सरासरी ५८० च्या आसपास, आणि पार थकेपर्यंत पायडल मारल्यावर सुमारे ७६,०००. मध्यम वेगापर्यंत आकडा बेताबेताने वाढत होता, त्यापुढे मात्र एकदम उसळला.

दुसरं उदाहरण दक्षिण कोरियातल्या चोनान शहराचं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या झुंबासारख्या नाचाच्या वर्गांमधून १२ क्रीडाकेंद्रांमध्ये मिळून ११२ जणांना लागण झाल्याचं सापडलं. त्यातल्याच एका बाधित शिक्षिकेचे पिलाटिस आणि योगाचेही वर्ग चालू होते, सात-आठ जणांचे. त्या वर्गांतलं कुणीही बाधित निघालं नाही. शिकवणारी बाई तीच, पण एका वर्गात धापा टाकणारी गर्दी आणि दुसऱ्यात शांत श्वास घेणारी मोजकी माणसं.

त्यापेक्षा मुलाला घरातच ठेवलेलं बरं नाही का?

तुमचं घर केवढं आहे? हा प्रश्न खोचक वाटेल, पण मुंबईत तो विचारावाच लागतो. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसांत राहतात. एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. त्या मुलाला संध्याकाळी दीड तास मैदानावर आणलं, तर त्याच्या दिवसातला सगळ्यात सुरक्षित दीड तास तोच असतो.

हे माझं नुसतं मत नाही. जगभरातल्या अभ्यासांचा जो आढावा घेतला गेला, त्यात नोंदवलेल्या संसर्गांपैकी उघड्यावर झालेले दहा टक्क्यांहूनही कमी होते, आणि बंदिस्त जागेत लागण होण्याची शक्यता उघड्यापेक्षा सुमारे १८ पट निघाली. म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बागा, चौपाट्या आणि मैदानं पुन्हा बंद झाली तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. गर्दीची भीती खरी होती. पण गर्दी पांगवायला जागा कमी करून कसं चालेल?

हॉलमधलं बॅडमिंटन तर दोघांत जाळी असते. मग एवढं मागे का?

कारण शटल. शटल वाऱ्याने हलतं, म्हणून हॉलची दारं-खिडक्या बंद, पंखे बंद. एसी असला तरी बहुतेकदा आतलीच हवा फिरवणारा. म्हणजे खेळ नीट व्हावा म्हणून आपण हवा मुद्दाम कोंडतो आणि त्या कोंडलेल्या हवेत चार जण धापा टाकतात. एक तुकडी बाहेर पडते, पाच मिनिटांत दुसरी आत शिरते, पण आधीच्यांचा श्वास काही त्यांच्याबरोबर बाहेर गेलेला नसतो.

स्क्वॉशचं तर काय बोलायचं, ती पेटीच. मार्च २०२० मध्ये स्लोव्हेनियात एक बाधित माणूस स्क्वॉश खेळून गेला. त्याला न भेटलेले, पण त्याच्यानंतर त्याच कोर्टवर खेळलेले लोक आजारी पडले.

हॉल सुरू करायचाच असेल तर दोन तुकड्यांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा आणि त्या वेळात सगळं उघडून पंखे पूर्ण वेगाने लावा. सिंगल्सच खेळवा. एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) दाखवतो, हॉलमध्ये ८०० च्या वर गेला की समजायचं, आपण एकमेकांचा श्वास घेतोय. आमच्या ओळखीच्या एका हॉलमध्ये हा मीटर रात्री आठच्या तुकडीला आणून ठेवला. वीस मिनिटांत तो दोन हजारांच्या पुढे गेला, तेव्हा मालकाने आधी मीटरच बिघडलाय म्हणून वाद घातला.

क्रिकेट?

खेळ म्हणून उत्तम. बाहेरचं मैदान, माणसं विखुरलेली. सगळ्यात जवळ येतात ते यष्टिरक्षक, फलंदाज आणि स्लिपमधले, तेही थोडा थोडा वेळ.

आझाद मैदानाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे खेळपट्ट्या इतक्या लागून आहेत, की एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगशी गप्पा मारत उभा असतो. परक्या मॅचचा चेंडू आपण अडवून द्यायचा ही तिथली रीतच. साथीत हे चालेल, हवा मोकळी आहे. न चालणारी गोष्ट म्हणजे तंबू. फलंदाजी करणाऱ्या संघाचे नऊ जण तीन-तीन तास एका कनातीखाली खेटून बसतात, आणि क्रिकेटमध्ये लागण व्हायची तर ती तिथे. बाकं उन्हात टाका, दोन झाडांखाली वाटून बसवा, हवं ते करा, पण कनात एका बाजूने तरी पूर्ण उघडी हवी.

चेंडूला थुंकी लावण्यावर आयसीसीने जून २०२० मध्ये बंदी घातली आणि २०२२ मध्ये ती कायमची केली. घाम चालतो. आमच्या पोरांची सवय मोडायला सहा महिने लागले. बोट जिभेकडे जायचं, अर्ध्यात थांबायचं आणि मग पँटला पुसलं जायचं.

आणि कबड्डी? खरं सांगा.

खरं सांगायचं तर सगळ्यात शेवटी. मी स्वतः कबड्डीतला, त्यामुळे हे लिहिताना जिवावर येतं. पण साथीच्या विषाणूला हवा तसा खेळ कुणाला मुद्दाम तयार करायला सांगितला, तर तो कबड्डीच करेल. चढाई करणारा तीस सेकंद तोंडाने मोठ्याने कबड्डी-कबड्डी म्हणत सात जणांच्या तोंडासमोर फिरतो. पकड झाली की त्याच्यावर चार जण, सगळ्यांची तोंडं हातभर अंतरात, सगळ्यांना धाप लागलेली.

प्रो कबड्डीचा २०२० चा हंगाम झालाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आठवा हंगाम सुरू झाला तो बंगळुरूत, सगळे संघ एकाच ठिकाणी ठेवून आणि प्रेक्षकांशिवाय.

तरी एक गोष्ट कबड्डीच्या बाजूने सांगतो. इंग्लंडमध्ये रग्बी लीगच्या चार सामन्यांत आठ बाधित खेळाडू नकळत खेळून गेले होते. नंतर चित्रफिती बघून कोण कोणाला किती वेळ भिडलं हे तपासलं. जे पुढे बाधित झाले, त्यांची लागण मैदानावरच्या टॅकलपेक्षा एकत्र गाडीतून जाणं, गाठीभेटी अशा गोष्टींशी जुळली. उघड्यावरची दोन-तीन सेकंदांची झटापट वाटते तितकी वाईट नसावी. आपली मातीवरची कबड्डीही उघड्यावरच असते. त्यामुळे साथ ओसरू लागली की मातीवरच्या सरावाला मी मॅटच्या हॉलआधी परवानगी देईन.

तोवर काय? पायांचं काम. बोनस रेषेवरचं पाऊल, हनुमान उडी, सुटण्याचा कोन, सगळं समोर कुणी नसताना. आम्ही बांबूला जुनी जर्सी अडकवून त्यावर हात मारून परतायचा सराव केला. पोरं आधी हसली, पण त्या वर्षी दोघांचं पदलालित्य खरंच सुधारलं.

खो-खो पण त्याच रांगेत?

नाही, आणि ही चूक शाळासुद्धा करतात. दोन्ही आपले देशी खेळ, म्हणून एकत्र बांधतात. खो-खोत पाटीवर बसलेले आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, दोघांमध्ये दोन-तीन पावलांचं अंतर असतं. स्पर्श होतो तो पाठीला, क्षणभर. पळणारे एका वेळी तीनच. उघड्या मैदानावरचा खो-खो मी फुटबॉलच्याही आधी सुरू करेन. फक्त बाद झालेली आणि पुढच्या तुकडीची मुलं एका बाकावर खेटून बसतात, त्यांना पसरवा.

मल्लखांबाला सगळे एकाच खांबाला मिठी मारतात. तो कसा काय सुरक्षित?

श्वासाच्या बाबतीत सुरक्षित. खांबावर एका वेळी एकच मुलगा, तो तीस-चाळीस सेकंदांत उतरतो. खांबाला एरंडेल लावलेलं, अंगाला घाम. आई-वडिलांना तो घाम दिसतो आणि ते घाबरतात. पण करोनासारखा आजार वस्तूंवरून क्वचितच पसरतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये ही शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी धरली होती. प्रत्येकाने चढण्याआधी आणि नंतर हात धुवावेत, पुरे. खांबाला सॅनिटायझर फासू नका. तेल सुटतं, पकड बिघडते आणि मूल वरून पडतं.

लक्ष द्यायचं ते रांगेवर. चढण्यासाठी ताटकळलेली पंधरा मुलं एकमेकांच्या मानेवर बोलत उभी असतात. बरीच मुलं एकत्र रचतात ते मनोरे साथीत बंद ठेवा. गोविंदा पथकांच्या थरांनाही हाच न्याय.

मग बॉल, बॅट, स्टंप रोज सॅनिटाइझ करायचे का?

नको. साबणाने हात धुणं पुरेसं आहे. २०२० मध्ये आम्ही फवारण्यांवर जो पैसा घातला, त्यात शेडला दोन एक्झॉस्ट पंखे बसले असते.

पोहणं?

क्लोरीनच्या पाण्यातून नाही लागत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने तपासलं तेव्हा लिटरला १.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन आणि सात ते ७.२ पीएच असलेल्या पाण्यात करोनाचा विषाणू अर्ध्या मिनिटात निकामी झाला. उघड्या तरणतलावाला म्हणूनच माझी हरकत नाही. अडचण कपडे बदलायच्या खोलीत आणि उथळ कडेला धरून गप्पा मारणाऱ्यांत. पोहायचे कपडे आतून घालून या, पंचा गुंडाळून घरी जा. महाराष्ट्रात तरणतलाव सुरुवातीला बंदच होते, नंतर आधी स्पर्धक खेळाडूंच्या सरावाला उघडले.

कॅरमला दमच लागत नाही. तो तर चालेल?

हा प्रश्न चाळीतला प्रत्येक जण विचारतो. उत्तर ऐकून नाराजही होतो. दम लागत नाही हे खरं, पण चार माणसं एकाच फळीवर वाकून बसलेली असतात, मधलं अंतर हातभरही नाही. वर लटकलेला एक दिवा, मागे उभे राहून सल्ले देणारे सहा जण, आणि मंडळाच्या खोलीचं शटर डासांमुळे अर्धं ओढलेलं. शिवाय एक बोर्ड दहा मिनिटांत संपतो, बैठक मात्र तीन तासांनी. क्रिकेटपेक्षा हे कितीतरी जास्त धोक्याचं. बोर्ड गच्चीत न्या, बघ्यांना हाकला, मग खेळा. बुद्धिबळाचंही तेच, फक्त ते मोबाइलवर खेळता येतं. कॅरम मोबाइलवर खेळणं म्हणजे नुसतीच चिडचिड.

टर्फवरचा फुटबॉल?

जाळीने वेढलेला पण छत नसलेला टर्फ म्हणजे उघडं मैदानच. पत्र्याचं छत आणि तीन बाजूंना फ्लेक्स असेल तर तो हॉल. पाच-पाच जणांचा अर्धा तास. सतरा जण मिळून तासभर नको.

मास्क लावून खेळायचं का?

जोरात पळताना नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जोमदार व्यायामात मास्क नको असंच सांगितलं होतं, कारण घामाने तो भिजतो आणि श्वास घेणं जड जातं. मास्क लागतो तो खेळ थांबल्यावर: बाकावर, टॅक्सीत, लोकलमध्ये. आपण नेमकं उलटं करत होतो. पोलीस दिसले की पळणारा मास्क चढवायचा आणि चहाच्या टपरीवर उतरवायचा.

इतकं पाळूनही तुमच्या ग्रुपमध्ये लागण झाली होती ना?

झाली होती. त्याची हकिगत सांगतो, कारण वरच्या सगळ्या उत्तरांपेक्षा ती उपयोगाची आहे.

सराव सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सगळं शिस्तीत चाललं होतं. अंतरासाठी चुन्याच्या खुणा, प्रत्येकाची वेगळी बाटली. (वरून पाणी प्यायची आपली पद्धत चांगली, पण पोरं घाईत तोंड लावतातच.) एका संध्याकाळी पाऊस कोसळला. सगळे सामानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पळालो. आठ बाय दहाची जागा, मॅट, स्टंप, चुन्याची पोती आणि आम्ही तेरा जण. कुणीतरी कोपऱ्यावरून वडापाव आणले. मास्क हनुवटीवर गेले. पाऊस काही थांबेना, चाळीस मिनिटं आम्ही जुन्या मॅचच्या गप्पा मारत आणि मोठमोठ्याने हसत बसलो. मीही त्यात होतो, आणि सगळ्यात मोठा आवाज माझाच.

पुढच्या आठवड्यात चार जण बाधित निघाले, त्यात एकाचे आजोबा. ते वाचले, पण तीन आठवडे रुग्णालयात होते. मैदानावर तीन आठवडे काही झालं नव्हतं, शेडमधली चाळीस मिनिटं नडली.

तेव्हापासून आमच्याकडे शेड फक्त सामानाला. पाऊस आला तर भिजत घरी. बक्षीस समारंभ, केक, टेम्पोत दाटीवाटीने बसून मॅचला जाणं, हे सगळं साथीत खेळाच्या आधी बंद करायचं.

आयपीएल चालते, मग आमची मंडळाची स्पर्धा का नाही?

२०२० ची आयपीएल थेट अमिरातीत गेली. २०२१ मध्ये वारंवार चाचण्या, हॉटेलं, पहारे एवढं सगळं असूनही ४ मे रोजी ती मध्येच थांबवावी लागली. रणजी करंडकाचा २०२०-२१ चा हंगाम झालाच नाही, १९३४-३५ पासून पहिल्यांदाच. मंडळाकडे यातलं काय आहे?

आणि स्पर्धेत खेळाडूंपेक्षा बघे जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये अटालांटा-व्हॅलेन्सिया या फुटबॉल सामन्याला इटलीतल्या बर्गामोहून हजारो लोक मिलानला गेले, आणि पुढच्या काही आठवड्यांत करोनाने बर्गामोत काय केलं ते जगाने पाहिलं. आपल्याकडच्या रात्रीच्या कबड्डीत तर बांबूच्या गॅलरीवर माणसावर माणूस असतो. मुंबई मॅरेथॉन उघड्यावरची, पण हजारोंची. म्हणून जानेवारी २०२० नंतर ती थेट जानेवारी २०२३ मध्येच झाली. सराव सुरू करा, स्पर्धा नंतर.

आजारातून उठलेल्या मुलाला कधी पाठवू?

घाई करू नका. करोनात सुरुवातीला खेळाडूंसाठी असं सुचवलं गेलं, की लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती, आणि औषधाशिवाय सलग सात दिवस काहीही त्रास नसावा. कारण हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. त्यानंतरही पहिल्या दिवशी नुसतं चालणं, मग हळू धावणं, मग सराव. छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे. मुलं खोटं बोलतात, "बरं वाटतंय सर" म्हणतात. त्यांच्या आयांना फोन करा.

पुढची साथ श्वासाची नसली तर हेच नियम?

मग हा कागद उलटा वाचायला लागेल. डोळे येण्याची साथ असेल तर नॅपकिन आणि हात महत्त्वाचे, मोकळ्या हवेने काही फरक पडत नाही. त्वचेच्या आजारात कुस्तीचा हौदा आधी बंद, स्क्वॉश चालेल. आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) दर पावसाळ्यात असतोच. मैदानावर पाणी साचलेलं असताना चिखलात फुटबॉल खेळायची मजा मला माहीत आहे, पण गुडघा खरचटलेला असेल तर त्या पाण्यात उतरू नका. उतरलाच असाल तर साबणाने पाय धुवा आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधक गोळी लागेल का, ते तिथले डॉक्टर सांगतील.